बेझियन मॉडेलिंग शिकायचा क्रम: २० झाडं, ५ आकडे आणि फवारणीचा एक निर्णय

गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये बेझियन (आधीचं मत आणि नवा पुरावा एकत्र करून शक्यता काढायची पद्धत) शिकायला बसलेली बरीच पोरं पाहिली. कुणी सातपूरला क्वालिटीत काम करणारं, कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दोन-तीन तर दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांची मुलं. जवळपास सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. पहिल्याच दिवशी पायथन टाकतात, पायएमसी किंवा स्टॅन (हा हिशोब करून देणारी सॉफ्टवेअर) टाकतात, कुठलं तरी उदाहरण कॉपी करतात, रंगीत आलेख येतो आणि वाटतं झालं. मग विचारलं की बाबा या आलेखातले २० टक्के म्हणजे नक्की कशाचे, तर उत्तर नसतं. हुशारी कमी नसते, क्रम उलटा असतो. म्हणून खाली क्रम लिहितोय आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतोय: गोडी छाटणीनंतर (द्राक्षाच्या घडांसाठीची छाटणी) अवकाळी पाऊस झाला, द्राक्षाच्या प्लॉटमध्ये केवडा (पानांवर येणारा बुरशीसारखा रोग) किती पसरलाय, फवारणी करायची का नाही.

आकडे शिकण्यासाठी मी धरलेले आहेत, आपल्या बागेची फवारणी यावरून ठरवू नका.

तयारी: काय लागतं, काय नाही

एक वही, एक्सेल आणि साधारण १५ दिवस रोज एक तास. अकरावी-बारावीचं प्रोबॅबिलिटीचं गणित पुरतं, म्हणजे टक्के, गुणाकार, आणि "हे असताना ते" ही कल्पना. इंटिग्रेशन सोडवता यायची गरज नाही, फक्त ते म्हणजे खूप बारीक तुकड्यांची बेरीज आहे एवढं डोक्यात असू द्या. पायथन येत असेल तर चांगलं, पण सहाव्या टप्प्यापर्यंत उघडू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

विषय निवडताना एक काळजी घ्या. नाशिकचा माणूस म्हटलं की पहिला विचार लासलगावच्या कांद्याच्या भावाचा येतो आणि सगळ्यांना तेच मॉडेल करायचं असतं. त्याने सुरुवात करू नका. आजचा भाव कालच्या भावाला चिकटलेला असतो त्यामुळे ३०० दिवसांचा डेटा म्हणजे ३०० स्वतंत्र निरीक्षणं नसतात, शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली, असल्या गोष्टी भावाच्या जुन्या आकड्यांत कुठेच दिसत नाहीत. तो विषय सहा महिन्यांनी घ्या. पहिला विषय मोजता येणारा हवा: किती पैकी किती.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात, निर्णयासकट

"केवड्याचा अभ्यास करायचाय" हा प्रश्न नाही. "या एका एकराच्या प्लॉटमध्ये केवडा असलेल्या झाडांचं प्रमाण किती, आणि ते २० टक्के किंवा जास्त असेल तर उद्या फवारणी करायची" हा प्रश्न. यात तीन गोष्टी वेगळ्या लिहा: माहीत नसलेली गोष्ट (प्रमाण), दिसणारी गोष्ट (पाहिलेल्या झाडांपैकी किती रोगट), आणि करायचा निर्णय. निर्णय आत्ताच लिहायचा कारण नंतर उत्तर आलं की माणूस निर्णय उत्तराला जुळवून घेतो.

तपासा: वहीतला प्रश्न घरातल्या बागायतदार माणसाला वाचून दाखवा. त्यांनी "कुठल्या प्लॉटचं, कधीचं?" असं विचारलं तर प्रश्न अजून अर्धा आहे.

टप्पा २: उलटसुलट शक्यता १००० वर मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे दोन दिवस द्या. सूत्र पाठ करू नका, मोजा.

धरा १००० पानं आहेत, त्यातल्या ५० वर खरोखर केवडा आहे. केवडा असलेल्या पानांपैकी ९० टक्क्यांवर वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग दिसतो, म्हणजे ४५ पानं. उरलेल्या ९५० पैकी १० टक्क्यांवर दुसऱ्याच कारणाने तसा डाग असतो, म्हणजे ९५ पानं. आता तुमच्या हातात डाग असलेलं पान आलं. केवडा असायची शक्यता किती?

बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. डागाची एकूण पानं १४०, त्यात केवड्याची ४५, म्हणजे साधारण ३२ टक्के. ९० टक्के हे "केवडा असताना डाग" याचं उत्तर आहे आणि आपल्याला "डाग असताना केवडा" हवंय. दोन्ही वाक्यं मराठीत बोलून बघा, वहीत दोन्ही वेगवेगळी लिहा, कारण पुढची सगळी इमारत या एका फरकावर उभी आहे.

आता पान उलटं करा. खालच्या बाजूला पांढरी बुरशी आहे का? धरा डागाच्या ४५ केवडा-पानांपैकी ३६ वर दिसते आणि त्या दुसऱ्या ९५ पैकी फक्त २ वर. मग पांढरी बुरशी दिसलेल्या ३८ पानांत ३६ केवड्याची, म्हणजे ९५ टक्के. एका पुराव्याने ५ चे ३२ झाले, दुसऱ्याने ३२ चे ९५.

थांबा: दुसरा पुरावा खरंच नवा असेल तरच असं पुढे सरकता येतं. ग्रुपवर पाच जणांनी "उद्यापासून रोग वाढणार" असा मेसेज टाकला आणि पाचही जणांनी तो एकाच हवामान अंदाजावरून टाकलेला असेल तर तो पुरावा एकच आहे. पाच वेळा गुणलात तर खात्री फुगते, माहिती काडीचीही वाढत नाही. ही चूक मोठमोठी मॉडेलं करणारे पण करतात.

टप्पा ३: डेटा कसा जन्माला आला ते लिहा

सूत्र लिहायच्या आधी साध्या मराठीत चार ओळी लिहायच्या. झाडं कुणी निवडली? कशी निवडली? रोग असला तर डोळ्याला दिसतो का? दिसला की नोंद होते का?

प्रत्यक्षात काय होतं की माणूस बांधाजवळच्या पहिल्या ओळीत शिरतो, दहा-पंधरा झाडं बघतो आणि बाहेर येतो. आता बांधाकडेच पाणी साचत असेल तर आकडा जास्त येणार, आणि कडेला वारा खेळता असेल तर कमी. ही चूक कुठलंच सॉफ्टवेअर नंतर दुरुस्त करत नाही. म्हणून ओळींना नंबर द्या, झाडांना नंबर द्या, चिठ्ठ्या काढून २० झाडं निवडा, मगच प्लॉटमध्ये पाय टाका.

किती झाडं पाहायची याचाही हिशोब आधीच करा. खरं प्रमाण ५ टक्के असेल आणि तुम्ही २० झाडं पाहिलीत तर एकही रोगट न सापडायची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के. म्हणजे "२० पाहिली, काहीच नाही" यावरून बाग स्वच्छ असं म्हणता येत नाही. ६० झाडं पाहिली तर तीच शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते.

डोळ्याचा प्रश्न वेगळा. सुरुवातीचा केवडा पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. धरा नजर १०० पैकी ८० च पकडते, तर तुम्हाला दिसणारं प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या ०.८ पट. आणि फक्त एकदा पाहिलेल्या झाडांच्या डेटावरून "रोग कमी आहे" आणि "नजर कमी पडतेय" हे वेगळं करताच येत नाही, कितीही झाडं पाहिलीत तरी. त्यासाठी काही झाडं दोन माणसांनी एकमेकांना न सांगता पाहावी लागतात. हे आत्ता सुचलं तर सोय करता येते, डेटा गोळा झाल्यावर सुचलं तर हात चोळत बसावं लागतं.

पुढच्या गणितासाठी नजर पक्की धरतोय. पण धरतोय हे वहीत लिहून.

टप्पा ४: प्रायर, म्हणजे पाहण्याआधीचं मत आकड्यात

प्रायरला पोरं फार घाबरतात, "हे तर मनाचं झालं" म्हणतात. मनाचंच आहे, पण उघड्यावर मांडलेलं आहे, त्यामुळे कुणीही बोट ठेवून भांडू शकतं.

पाच शक्यता घ्या आणि त्यांच्यात १०० गुण वाटा. गेल्या हंगामांचा अनुभव, यंदाचा पाऊस, सगळं लक्षात घेऊन समजा असं वाटलं:

प्रमाण ५ टक्के: ३० गुण
प्रमाण १० टक्के: ३० गुण
प्रमाण २० टक्के: २० गुण
प्रमाण ३० टक्के: १५ गुण
प्रमाण ४० टक्के: ५ गुण

आता लगेच पुढे जायचं नाही. या १०० गुणांच्या १०० चिठ्ठ्या करा (३० चिठ्ठ्यांवर ५, ३० वर १० असं), एक चिठ्ठी काढा, त्या प्रमाणाने एक्सेलमध्ये रँडम आकडे वापरून २० झाडं बनवा, रोगट किती आली लिहा, चिठ्ठी परत टाका. असं १०० वेळा. सरासरी ३ च्या आसपास रोगट झाडं येतील आणि १०० पैकी साधारण १५ वेळा एकही रोगट झाड येणार नाही. हे घेऊन अनुभवी माणसाकडे जा आणि विचारा, असा पाऊस झाल्यावर १०० पैकी १५ वेळा २० झाडांत काहीच सापडत नाही हे पटतं का? प्रायर तपासायचा तो असा. "बीटा डिस्ट्रिब्युशन पटतं का" असं कुणाला विचारता येत नाही, झाडांची संख्या पटते का हे विचारता येतं.

तीन चुका इथल्या नेहमीच्या. पहिली, एखाद्या शक्यतेला शून्य गुण देणं. शून्याला कशानेही गुणा, शून्यच, मग पुढे अख्खी बाग पिवळी पडलेली दिसली तरी मॉडेल ती शक्यता मानणार नाही. शक्यच नाही असं गणिताने सिद्ध असेल तरच शून्य, नाहीतर थोडे का होईना गुण ठेवा. दुसरी, आधी डेटा बघून मग प्रायर ठरवणं आणि तोच डेटा परत वापरणं. एकच साक्षीदार दोनदा उभा केल्यासारखं आहे ते. तिसरी चूक पुढे सॉफ्टवेअर वापरताना होते: "मला काही माहीत नाही" म्हणून खूप पसरट प्रायर देणं. लॉजिट स्केलवर (०ते१०० टक्क्यांना उणे-अधिक कुठल्याही आकड्यात बदलणारी मोजपट्टी) शून्य सरासरी आणि १० स्टँडर्ड डेव्हिएशनचा (म्हणजे पसाऱ्याचा) नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा प्रायर दिसायला निष्पाप दिसतो, पण टक्क्यांत बदलून पाहा, चारपैकी तीन वेळा तो प्रमाण ५ टक्क्यांखाली नाहीतर ९५ टक्क्यांवर आहे असं म्हणतो. म्हणजे काही माहीत नाही म्हणता म्हणता फार मोठं विधान करून बसलात. १.५ च्या आसपास स्टँडर्ड डेव्हिएशन घेतलं तर टक्क्यांत बऱ्यापैकी सपाट येतं.

टप्पा ५: हाताने एकदा पूर्ण हिशोब

चिठ्ठ्यांनी निवडलेली २० झाडं पाहिली, ३ रोगट निघाली. आता प्रत्येक शक्यतेसाठी विचारा: प्रमाण एवढं असतं तर २० मध्ये नेमकी ३ यायची शक्यता किती? एक्सेलचं बायनॉमियल फंक्शन देतं: ५ टक्क्यांसाठी ०.०५९६, १० साठी ०.१९०१, २० साठी ०.२०५४, ३० साठी ०.०७१६, ४० साठी ०.०१२३. याला लाइकलीहूड म्हणतात आणि यांची बेरीज १ येत नाही, यायचीही नसते, त्यावरून गोंधळू नका.

गुण गुणिले लाइकलीहूड करा: १.७८८, ५.७०३, ४.१०८, १.०७४, ०.०६२. बेरीज १२.७३५. प्रत्येकाला बेरजेने भागा:

५ टक्के: १४.० गुण
१० टक्के: ४४.८ गुण
२० टक्के: ३२.३ गुण
३० टक्के: ८.४ गुण
४० टक्के: ०.५ गुण

हा पोस्टिरियर, म्हणजे पाहिल्यानंतरचं मत. बेझियन म्हणून जे काही आहे ते एवढंच, पुढचं सगळं हाच गुणाकार आणि भागाकार जास्त तुकड्यांवर करायची युक्ती आहे. नीट बघा, फक्त डेटाचं ऐकलं तर पाचांत २० टक्के सगळ्यात जवळचं होतं, आधीचं मत धरल्यावर १० टक्के पुढे आलं. दोन्ही आकडे वहीत ठेवा.

तपासा: ही २० झाडं १० आणि १० अशी फोडा, पहिल्या १० चा पोस्टिरियर दुसऱ्या १० साठी प्रायर म्हणून वापरा. शेवटचं उत्तर तेच यायला हवं. आलं नाही तर कुठेतरी भागाकार चुकलाय किंवा गोल करताना आकडे फार कापलेत.

टप्पा ६: खऱ्या डेटाआधी खोटा डेटा

आता पायथन उघडा, पण स्वतः बनवलेल्या डेटासाठी. १००० वेळा हे करा: चिठ्ठीतून खरं प्रमाण काढा, त्यावरून २० झाडं बनवा, पोस्टिरियर काढा. मग "२० टक्के किंवा जास्त" याला मॉडेलने साधारण ४० टक्के शक्यता दिली अशी सगळी प्रकरणं बाजूला काढा आणि मोजा, त्यातल्या कितींमध्ये चिठ्ठी खरंच २० किंवा जास्तची होती. शंभरातली चाळीसेक निघाली तर कोड बरोबर आहे.

थांबा: खरं प्रमाण प्रत्येक वेळी प्रायरमधूनच काढायचं. बरेच जण एकच आकडा, समजा २० टक्के, पक्का धरून १००० वेळा चालवतात आणि हिशोब जुळला नाही की कोड शोधत बसतात. तो हिशोब जुळायचं बंधनच नसतं.

हा टप्पा लोक गाळतात कारण यात खऱ्या बागेबद्दल काहीच कळत नाही. पण खऱ्या डेटावर चुकीचं उत्तर आलं तर ते चूक आहे हे कळायला तुमच्याकडे काय असतं? इथे खरं उत्तर तुमच्या हातात असतं.

टप्पा ७: सॉफ्टवेअर आणि त्याच्या तक्रारी

तुमची पाच शक्यतांची यादी आता सलग होते आणि पायएमसी किंवा स्टॅन पोस्टिरियरमधून हजारो नमुने काढून देतं. आधी तोच २० मध्ये ३ चा प्रश्न द्या आणि हाताच्या उत्तराच्या आसपास येतंय का बघा. मग चार गोष्टी, याच क्रमाने: चार चेन (नमुने काढायच्या चार स्वतंत्र फेऱ्या) चालवा, आर-हॅट (त्या फेऱ्या एकमेकींशी जुळतात का याचं माप) १.०१ च्या खाली आहे का, इफेक्टिव्ह सॅम्पल साइझ (स्वतंत्र नमुन्यांएवढी माहिती किती) एकूण निदान ४०० तरी आहे का, डायव्हर्जन्स (नमुने काढताना सॉफ्टवेअर अडखळल्याच्या सूचना) शून्य आहेत का. यातलं एकही बिघडलेलं असेल तर आलेख बघायचाच नाही. बघितला की तो खरा वाटायला लागतो.

डायव्हर्जन्स आले की नुसते नमुने वाढवून ते जात नाहीत, त्यावेळी मॉडेलची मांडणी बदलावी लागते.

टप्पा ८: मॉडेलला उलट तपासा, मग प्लॉट वाढवा

पोस्टिरियरमधून परत खोटी झाडं बनवा आणि खऱ्या डेटाशी तुलना करा, पण फक्त एकूण रोगट किती याची नको, ती जुळणारच. मॉडेलला न सांगितलेली गोष्ट तपासा. ती ३ रोगट झाडं एकाच ओळीत, खोलगट भागात शेजारी शेजारी आहेत का? केवडा पसरतो तो ओलाव्याने आणि जवळच्या पानांवर, त्यामुळे झाडं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि बायनॉमियलने तर स्वतंत्र धरली आहेत. अशा वेळी २० झाडांत २० झाडांएवढी माहिती नसते आणि तुमची खात्री खोटी असते.

जास्त प्लॉट असतील तर दोन टोकांच्या चुका होतात, एक म्हणजे सगळे एकत्र ढकलणं आणि दुसरी म्हणजे प्रत्येक प्लॉट एकटा पाडणं. मधला रस्ता असा: समजा बाकी प्लॉटांवरून एकंदर अंदाज "जणू १० झाडं आधीच पाहिली आणि २ रोगट होती" एवढ्या वजनाचा आहे. मग ५ पाहून ० रोगट निघालेल्या प्लॉटचा अंदाज १५ पैकी २, म्हणजे १३ टक्के. २० पाहून ० असलेल्याचा ३० पैकी २, म्हणजे साडेसहाच्या आसपास. दोन्हीकडे शून्यच दिसलं, पण जिथे कमी पाहिलं तो प्लॉट शेजाऱ्यांच्या आकड्याकडे जास्त ओढला गेला. प्लॉट असे एकमेकांशी जोडणाऱ्या, म्हणजे हायरार्किकल मॉडेलमध्ये हे "१० झाडांचं वजन" सुद्धा डेटावरूनच निघतं. डायव्हर्जन्स पण जास्त इथेच येतात, विशेषतः चार-पाचच प्लॉट असले की, आणि त्यावर नॉन-सेंटर्ड मांडणी (प्रत्येक प्लॉटचा सरासरीपासूनचा फरक वेगळा लिहिणं) बहुतेक वेळा काम करते.

टप्पा ९: निर्णय

इतकं करून बहुतेक जण काय करतात, सगळ्यात जास्त गुणांची शक्यता उचलतात. १० टक्क्याला ४४.८ गुण, १० हे २० पेक्षा कमी, म्हणून फवारणी नको. हे चूक आहे.

पहिल्या टप्प्यातला निर्णय काढा. धरा फवारणीचा खर्च ४००० रुपये, आणि प्रमाण २० टक्के किंवा जास्त असताना फवारणी केली नाही तर सरासरी नुकसान २५००० रुपये (फवारणी केली तर ते टळतं असं धरलंय, प्रत्यक्षात सगळं टळत नाही, तो आकडा पण तुम्हाला घालावा लागेल). २०, ३० आणि ४० टक्क्यांचे गुण मिळवा: ४१.२. न फवारल्यास अपेक्षित नुकसान ०.४१२ गुणिले २५०००, म्हणजे १०३०० रुपये. ४००० पेक्षा कितीतरी जास्त. फवारणी करा.

म्हणजे एकच सर्वोत्तम अंदाज घेतला असता तर उलटा निर्णय झाला असता. आणि "९५ टक्के खात्री झाल्यावर बघू" म्हणणाऱ्यांसाठी: या खर्चांना निर्णयाची रेषा ४००० भागिले २५०००, म्हणजे १६ टक्क्यांवर आहे. रेषा खर्चावरून ठरते, ९५ कुठून तरी ऐकलेला आकडा आहे.

तपासा: प्रायर थोडा हलवून परत निर्णय काढा, ५ टक्क्याला ३० ऐवजी ४५ गुण देऊन आणि बाकीचे त्याच प्रमाणात कमी करून. फवारणीचाच निर्णय राहिला तर प्रायरवर भांडत बसू नका. निर्णय उलटला तर अजून झाडं पाहायला जा, तिथे प्रत्येक जास्तीचं झाड पैसे वाचवतं.

टप्पा १०: पुढचा आठवडा

आजचा पोस्टिरियर पुढच्या पाहणीसाठी जसाच्या तसा प्रायर म्हणून घेऊ नका. मध्ये फवारणी झाली, पाऊस झाला, ऊन पडलं, प्रमाणच बदललं. १० आणि १० च्या तपासणीत तसं चाललं कारण दोन्ही पाहण्या एकाच दिवसाच्या होत्या. आता आठवड्यात प्रमाण किती हललं असेल त्याचा अंदाज गुणांत घालून ते पसरवा, वहीत तारीख टाका, फवारणी कधी केली ते लिहा, आणि नवीन २० झाडांच्या चिठ्ठ्या परत काढा. मागच्याच २० झाडांकडे परत जायचा मोह होतो कारण ती माहीत झालेली असतात, पण त्या झाडांना तुमचं लक्ष जास्त मिळालेलं असतं, बाकी प्लॉटला नाही.

हे तीन आठवडे हाताने केलं की मग कांद्याच्या भावाकडे वळायला हरकत नाही, पण तिथेही पहिला टप्पा वहीतलाच.